गार्डकाका पाय बघतात

आमचे गार्डकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. पायांकडे बघत. समोरून कोणी आलं की त्यांची नजर थेट जमिनीवर, आणि ओळख पटायची ती तिथेच. "या जोशीबुवा! टाच झिजवलीत वाटतं पुन्हा!" असं म्हणून ते आधी चपलांचं स्वागत करायचे, आणि मग चपलांवरचे जोशीबुवा ओघाने घरात यायचे. एकदा पावसाळ्यात माझे वडील गमबूट घालून त्यांच्या दारात उभे राहिले, तर काकांनी विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" भिंतीला भिंत लागून घर होतं आमचं!

नाव शंकर टिपणीस. रेल्वेत गार्ड होते, म्हणून सगळ्या लोणावळ्याचे गार्डकाका. काकू वारल्या त्याच्या पुढच्याच वर्षी ते रिटायर झाले आणि बाजारामागच्या आमच्या चाळीत दोन खोल्या घेऊन राहिले. मूलबाळ नव्हतं. घरात एक खाट, एक स्टोव्ह, नोकरीतली शिट्टी आणि चामड्याचा एक फुटबॉल. त्या फुटबॉलला इतकी ठिगळं होती की मूळचं कातडं कुठलं, ते काकांनाही सांगता आलं नसतं.

तरुणपणी ते रेल्वेच्या टीममधून खेळत. कसे खेळत असं विचारलं की म्हणत, "बॅकला होतो. म्हणजे मागेच. नोकरी केली तीही मागच्याच डब्यात. माझं सगळं मागून बरं चालतं."

पायांचं त्यांचं एक शास्त्र होतं. मला म्हणाले, "तुझा अंगठा आत वळलेला आहे, तू हट्टी आहेस." हे सांगायला अंगठा कशाला हवा होता? आईने फुकट सांगितलं असतं. पुढे मला बघायला पुण्याहून मंडळी आली तेव्हा शेजारधर्म म्हणून काकाही येऊन बसले. पोहे झाले, चहा झाला, पाहुण्यांनी मला जे विचारायचं ते विचारलं, आणि काका सगळा वेळ टेबलाखाली बघत होते. मंडळी गेल्यावर वडिलांनी विचारलं, "काय, कसा वाटला मुलगा?"

"बरा आहे. पळतो चांगला. पण बॉल सोडून पळणारा आहे."

ते पाय आज कित्येक वर्षं माझ्या घरात वावरताहेत. घरात पाहुणे येणार म्हटलं की त्यांना नेमकं बाहेर काम निघतं. काकांचं शास्त्र मी तेव्हा हसण्यावारी नेलं, हे चुकलंच.

पण मुख्य गोष्ट किसनची. काका नोकरीत असताना एकदा त्यांची गाडी सिग्नलसाठी मळवलीच्या अलीकडे थांबली होती. शेवटच्या डब्याच्या, ब्रेकव्हॅनच्या, दारात उभं राहून ते बाहेर बघत होते, म्हणजे अर्थात खाली बघत होते. तिथे भाजे गावच्या वरच्या वस्तीतलं एक पोरगं शेळ्या राखत होतं. एखादी शेळी वाट सोडून रुळांकडे वळली की ते जागचं न हलता पायाने एक दगड उडवायचं. दगड शेळीला लागायचा नाही. तिच्या तोंडापुढे पडायचा, आणि शेळी मुकाट्याने मागे फिरायची.

"आणि डाव्या पायानं!" हे सांगताना काकांचा आवाज चढायचा. "डाव्या पायानं, अनवाणी! मी हिरवी झेंडी दाखवायची विसरलो असतो त्या दिवशी."

पुढच्या सुट्टीला काका भाज्याला गेले आणि पोराला शोधून काढलं. पाय दाखवायला सांगून शोधलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. किसन लोणावळ्याच्या हायस्कुलात यायला लागला तसा रोज संध्याकाळी स्टेशनालगतच्या मैदानावर त्याचा वर्ग सुरू झाला. शिकवण्याची पद्धत गार्डाचीच. काका मैदानात कुठेतरी जाऊन पाठ फिरवून उभे राहणार. त्यांनी दोनदा शिट्टी मारली की किसनने जिथे असेल तिथून बॉल थेट काकांच्या पायाशी टाकायचा. बॉल आला की काका मागे न बघता मान डोलवायचे. नाही आला तर पुन्हा शिट्टी. सुरुवातीला बॉल पाठीत बसायचे. काकांची पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी आमच्याकडून जायची.

किसन मॅट्रिकला आला आणि प्रश्न उभा राहिला. त्याचे वडील खाणीवर खडी फोडत. परीक्षा झाली की पोरगं आपल्याबरोबर खाणीवर येणार, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. काका त्यांना समजवायला भाज्याला गेले.

"चेंडू मारून प्वाट भरतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"भरतं की. मी नुसता झेंडा हलवून भरलं."

किसनचे वडील म्हणाले, "कालेजवाल्यांनी सोताच्या तोंडानं म्हनू दे, पोरगं द्या म्हनून. राहनं-खानं त्येंचं. मग न्या. न्हाईतर शाळा सुटली की पोरगं माझं."

पुण्यातल्या एका कॉलेजची फुटबॉल टीम तेव्हा नावाजलेली होती. चांगल्या खेळाडूला ते फी माफ करत, वसतिगृहात ठेवून घेत. पण त्यांच्या खेळाच्या सरांनी किसनला बघायला तर हवं! काकांनी त्यांना पत्र टाकलं. टाकण्याआधी मला वाचून दाखवलं. पानभर किसनच्या पायांचं वर्णन आणि शेवटी एक ओळ, "बाकी मुलगाही बरा आहे." उत्तर आलं नाही यात मला काही नवल वाटलं नाही. मग काका किसनला घेऊन पुण्यालाच गेले. फाटकावर सांगण्यात आलं की आधी प्रवेश घ्या, मग मैदान. सरांची गाठ पडलीच नाही. काकांनी त्यांना लांबून जाताना बघितलं तेवढंच. "उजवं पाऊल बाहेर फेकून चालतो माणूस. गुडघा गेलेला आहे. चांगला खेळलेला दिसतो," एवढी माहिती घेऊन ते परत आले.

आणि एक दिवस काका धावतच आमच्याकडे आले. कल्याणच्या त्यांच्या एका टीसी मित्राचा निरोप होता. ती कॉलेजची टीम मुंबईला सामन्यांसाठी गेली होती, आणि रविवारी दुपारच्या पॅसेंजरने, सरांसकट, पुण्याला परतणार होती.

"बरं मग?" मी म्हटलं.

"मग काय! घाटात मागून ढकलणारी इंजिनं लोणावळ्याला सोडतात की नाही? तोवर गाडी उभी. सर मैदानाकडे येत नाहीत ना, आपण मैदान सरांकडे नेऊ!"

मैदान फलाटाला लागूनच होतं, मध्ये फक्त कुंपण. गाडी थांबली की सामना सुरू करायचा, सर डब्यातून बघतील, असा बेत. चाळीतली पोरं जमवून दोन टीम झाल्या. माझा धाकटा भाऊ बंड्या गोलकीपर झाला, कारण त्याला पळायचा कंटाळा होता. माझ्यावरही कामगिरी आली. "तू हिरवं पातळ नेस आणि कुंपणाशी उभी राहा. गाडी थांबली की पदर हलव. पोरं सुरू करतील." लग्नाच्या मुलीला पदर हलवत स्टेशनावर उभं करणारा माणूस! आई काय बोलली ते लिहीत नाही. पण रविवारी मी हिरवं पातळ नेसून कुंपणाशी उभी होते.

गाडी आली. मी पदर हलवला. सामना सुरू झाला, आणि किसन असा काही खेळला की चहावाल्याने किटली खाली ठेवली. तिघांना चुकवून त्याने बॉल नेला आणि बंड्याच्या कानाजवळून गोलात मारला. टाळ्या पडल्या. कोण वाजवतंय म्हणून मी वळून बघितलं तर शेवटच्या डब्यातला गार्ड! एकटाच. तो आणि चहावाला सोडले तर तिथे बघायला कोणीच नव्हतं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. काकांनी सामना मांडला होता तो गाडीच्या शेपटीसमोर. सगळा जन्म मागच्या डब्यात गेलेला माणूस! त्यांच्या लेखी गाडी म्हणजे ब्रेकव्हॅन, आणि त्यापुढे जे काय डबे असतील ते ड्रायव्हरने बघून घ्यावेत. टीमचा डबा तिकडे पार पुढे होता.

"काका, अहो सर पुढे असतील!"

काकांचा चेहरा पडला. मग मान खाली घालून ते फलाटावरून पळत सुटले. मीही मागे. चहा-चिक्कीला उतरलेल्या गर्दीतून ते फक्त पाय बघत चालले होते. कोणाच्या पोटाला डोकं लागलं, एका बाईने "काय हो हे!" म्हणून सुनावलं. आणि एका चहाच्या गाड्यापाशी ते थबकले. पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट, उजवं पाऊल बाहेर वळलेलं.

"सर!" काका बुटांना म्हणाले. "आमचा मुलगा बघा!"

"कोण आपण? कुठला मुलगा?" वरून आवाज आला. एवढ्यात पुढच्या इंजिनाने शिट्टी दिली. सांगायला वेळ उरलाच नाही. काकांनी खिशातून आपली शिट्टी काढली आणि दोनदा फुंकली. मागच्या डब्यातल्या गार्डाने दचकून स्वतःची शिट्टी चाचपली म्हणे.

आणि तिकडून, मैदानाच्या पार त्या टोकाकडून, बॉल उठला. कुंपणावरून आला, पत्र्याच्या छपराखालून शिरला आणि काकांच्या पायाशी टप्पा घेऊन सरांच्या चहाच्या कपावर आदळला. चहा सगळा पांढऱ्या पँटवर.

सर भडकलेच. "अक्कल आहे का? फलाट आहे का मैदान आहे हे? कोणी मारला?"

काकांनी बोट दाखवलं. लांब कुंपणापाशी हाताच्या बोटाएवढा किसन उभा होता. सरांनी त्याच्याकडे बघितलं. मग बॉलकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"तिथून?"

"तिथूनच."

"कुठल्या पायानं?"

मला त्या क्षणी काका आनंदाने रडतील असं वाटलं. पायाचं विचारणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता.

"डाव्या, सर. आणि अनवाणी."

गाडी हलली. सर दांडी धरून चढले आणि दारातून ओरडले, "निकाल लागला की घेऊन या त्याला! माझं नाव सांगा फाटकावर! राहण्या-जेवणाचं मी बघतो!" चहाचा डाग घेऊन गाडी पुण्याला गेली. त्या संध्याकाळी चाळीत काकांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. स्वतः तळली होती, त्यामुळे आम्ही ती भजी आहेत असं समजून खाल्ली.

किसन पास झाला. सरांनी शब्द पाळला. जून महिन्यात तो पुण्याला निघाला तेव्हा आम्ही सगळे स्टेशनावर गेलो. त्याचे वडील धुतलेलं धोतर नेसून आले होते आणि ट्रंकेवर हात ठेवून उभे होते. काकांनी किसनसाठी खेळायचे बूट आणले होते. फलाटावर गुडघे टेकून त्यांनी स्वतः ते त्याच्या पायात घातले, नाड्या बांधल्या, अंगठा कुठवर येतो ते चाचपून बघितलं.

"आवळत न्हाईत न्हवं?" वडिलांनी विचारलं.

"बेस हायेत," किसन म्हणाला. "काका, तुमी आता संध्याकाळचं काय करनार?"

काका गुडघ्यावर हात टेकून उठले आणि उठता उठता, मी प्रथमच बघत होते, त्यांनी मान वर केली. पुरती वर. किसन त्यांच्याहून उंच झाला होता.

"अरे," ते म्हणाले, "तुझ्या हनुवटीला खळी आहे की."

"पैल्यापासनं हाय, काका."

"हो का? असेल." ते त्याच्याकडे बघतच राहिले. "थांब, हलू नकोस जरा. नीट बघून घेतो. तुझ्या काकूचं राहून गेलं रे. गाडी, गाडी करत जन्म गेला. तिचे पाय आठवतात, जोडवी आठवतात, उंबऱ्याशी उभी असायची ते आठवतं. तोंड आठवायला गेलो की हल्ली येत नाही."

किसन वाकून त्यांच्या पाया पडायला लागला तर काकांनी त्याला मधेच धरलं. "खाली नको बघूस. वर बघ."

गाडी सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत काका फलाटावर उभे होते. शेवटच्या डब्यातून आयुष्यभर लोकांना मागे सोडत गेलेला माणूस त्या दिवशी मागे राहिला होता, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले. मी तांदूळ निवडत होते. नेहमीप्रमाणे अंगठ्यावरून काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून मी पाय आत ओढून घेतले. पण आवाज आला नाही. वर बघितलं तर काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तुझे डोळे घारे आहेत होय गं?"

"हो काका."

"छान आहेत," ते म्हणाले आणि उंबऱ्याशीच अवघडून उभे राहिले.

मी म्हटलं, "आत या, चहा टाकते." ते आले, बसले, आणि चहा होईपर्यंत आईचं, बंड्याचं, माझं, एकेकाचं तोंड नीट बघत राहिले.