डोंगरातल्या बाईंचे गुडघे

डोंगरात राहणारी माणसं स्वभावाने भोळी आणि पायाने दणकट असतात, हे आता सिद्ध झालेलं आहे. पाण्याचे पंप विकणाऱ्या आमच्या कंपनीत यावर मतं घेतली, तेव्हा एक सोडून सगळी बाजूने पडली. (विरोधातलं मत तक्रार विभागातल्या बाईंचं होतं. त्या स्वतःच डोंगरातल्या असल्यामुळे त्यांचं मत तटस्थ मानता आलं नाही.)

आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट वरचेवर रुसते. अशा वेळी खालून खोकी आणायचा मान आम्ही बाईंना देत असू. एकदा त्यांनी गुडघेदुखीसाठी रजा मागितली. डोंगरातल्या माणसाचे गुडघे दुखत नाहीत. तरी संशयाचा फायदा देऊन साहेबांनी अर्धी रजा मंजूर केली.

मग कंपनीने बाईंच्याच मुलखात शाखा काढायचं ठरवलं. शाखाप्रमुखाच्या जागेसाठी बाईंनी अर्ज केला. आई तिकडे एकटी असते, तिच्याजवळ राहता येईल, असंही त्या म्हणाल्या. निवड समितीत मी होतो. आम्ही अर्जाचा अत्यंत सहानुभूतीने विचार केला. बाई प्रामाणिक, म्हणजे व्यवहारात कच्च्या. कष्टाळू, म्हणजे हुकूम सोडायची सवय नाही. शिवाय समाधानी, तेव्हा पगार वाढवून त्यांचं समाधान कशाला बिघडवा? ती जागा आम्ही विक्री विभागातल्या एका गृहस्थांना दिली. ते एकदा आठवडाभर तिकडे फिरायला गेले होते आणि धुक्याचे पुष्कळ फोटो काढून आले होते. (ते समितीतच असल्यामुळे मुलाखतीची दगदग वाचली.)

"पण साहेब, तिथली माणसं माझ्या ओळखीची आहेत," बाई म्हणाल्या.

"तीच तर अडचण आहे," साहेबांनी समजूत घातली. "माणसांकडे गिऱ्हाईक म्हणून बघायचं तर जरा लांबूनच यावं लागतं."

"आईला काय सांगू मी? ती खोली झाडून बसलीय."

"माझा नमस्कार सांगा. तुमच्याकडची माणसं काही मनाला लावून घेत नाहीत."

बाईंनी त्याच दुपारी राजीनामा दिला. भोळ्या माणसाने इतकं तडकाफडकी वागावं, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. लिफ्ट बंद होती. कठडा धरून एकेक पायरी उतरणाऱ्या बाई मला बघवेनात, म्हणून मी आत येऊन चहा घेतला.

वाचकांनी आमच्यावर खुशाल हसावं. फक्त एवढंच, की बाई दिसायला कशा होत्या याबद्दल मी वर एक अक्षरही लिहिलेलं नाही, आणि तरी तुमच्या डोळ्यांसमोर लाल गाल आणि लोकरी शाल केव्हाच उभी राहिली आहे. ते गृहस्थ नव्या शाखेत गेल्यामुळे आमच्या निवड समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करू नका; तुमची निवड झालेली आहे.