उकरलेला हरभरा

रामकिशनच्या वावरातला हरभरा उगवायच्या आधीच कुणीतरी उकरत होतं. पहिला संशय त्यानं रानडुकरांवर घेतला. पण डुकरं आली की अख्खं वावर उलथंपालथं करून जातात. इथं तासातून, म्हणजे पेरलेल्या ओळीतून, थोडी थोडी माती बाजूला काढून ती परत जागेवर नीट लावलेली होती, वरून थोपटलेलीसुद्धा. इतकं वळण असलेलं डुक्कर हदगाव तालुक्यात तरी त्यानं पाहिलं नव्हतं. चोराला पकडायचंच, असं ठरवून तो एका दुपारी शाळा सुटायच्या सुमारास तुरीच्या ओळीत दबा धरून बसला.

चोर आले ते दप्तरं घेऊन. सहावीतली पाच-सहा पोरं आणि सगळ्यांच्या पुढं रामकिशनची स्वतःची लेक पूनम. ती तासाशी उकिडवी बसली, बाभळीच्या काट्यानं माती उकरून तिनं एक हरभरा बाहेर काढला, सगळ्यांनी त्याच्यावर डोकी वाकवली, बराच वेळ कुजबुज झाली, आणि बी परत मातीत गेलं. "झोपू दे आता त्याला," असं म्हणून पूनमनं वरून थोपटलं आणि ती पुढच्या बीकडं सरकली.

रामकिशन तुरीतून उठला तशी बाकीची पोरं पांगली. पूनम जागची हलली नाही. सरांनी उकरायला सांगितलं का, असं बापानं दरडावून विचारलं, तर तिनं सरळ नाही म्हणून सांगितलं.

"सर म्हनले, बी मातीत गेल्यावर पयल्यांदा काय करतं ते कोनीच बघत न्हाई. मंग आमी म्हनलं, आपुन बघावं."

हे सर म्हणजे विरूपाक्ष सर. जूनमध्ये बदली होऊन निलंग्याकडून आलेला हा किडकिडीत माणूस तोंडानं कमी आणि अंगानं जास्त शिकवायचा. हृदयाचा धडा होता तेव्हा त्यानं मैदानाला चकरा मारल्या आणि धापा टाकत प्रत्येक पोराचा हात आपल्या छातीवर ठेवून घेतला. बीजांकुरणाच्या धड्याला तो टेबलाखाली अंगावर पोतं घेऊन बसला आणि तास संपेपर्यंत इंचाइंचानं उगवला. ते पाहायला शेजारच्या वर्गातली पोरं, त्यांच्या बाईंसकट, दारात जमली होती.

त्याच्या आधी पूनमचं पोट रोज सकाळी नेमानं दुखायचं. विरूपाक्ष सर आल्यापासून ती प्रार्थनेच्या आधी शाळेत हजर असायची. रामकिशनला त्याचा मनातून फार आनंद होता. घरात कुणीच सातवीच्या पुढं गेलं नव्हतं आणि पूनमनं तरी जावं, ही त्याची खरीखुरी इच्छा होती. पण मास्तराचा उत्साह शाळेची भिंत ओलांडून आपल्या वावरात शिरेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

उकरलेलं बी काही सगळं जगत नाही. तासाला मोठमोठ्या मोकळ्या जागा पडल्या. अशा जागी हातानं पुन्हा बी टोबायचं म्हणजे नांग्या भरायच्या, आणि ते काम त्याच्या बायकोच्या, नागाबाईच्या कमरेवर येऊन पडलं. ती आधीच वैतागली होती.

"त्या मास्तराला म्हनावं, जरा कमी शिकवा," तिनं नवऱ्याला बजावलं.

गावातल्या बाकीच्या वावरांतही हेच चाललं होतं. कुणी लेकराला बदडलं, कुणी कुंपण केलं, पण सगळ्यांचं म्हणणं एकच, की रामकिशन शाळा समितीवर आहे, तेव्हा त्यानंच जाऊन बोलावं. शेजारच्या वावरातल्या सुदामनं तर पारावर सगळ्यांसमोर त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलं.

रामकिशन निर्धारानं शाळेत गेला. वर्ग चालू होता, म्हणून तो खिडकीशी थांबला. विरूपाक्ष सर चिमटीत एक हरभरा धरून खुर्चीवर उभे होते.

"पेरणीत हे बी कसंही पडतं," ते सांगत होते. "उभं, आडवं, डोक्यावर. आत मिट्ट अंधार. ह्याला डोळे नाहीत. तरी मूळ खालीच जातं आणि कोंब वरच येतो. आजवर एकाही हरभऱ्याची चूक झालेली नाही. मग खाली कुठं आहे, हे त्याला कोण सांगतं?"

पोरं पुढं सरकली. खिडकीबाहेर रामकिशननंही गजांना नाक लावलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो पेरत आला होता, पण हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं हरभऱ्यालाही विचारलं नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली. सर म्हणाले, "उद्या सांगतो," आणि खाली उतरले.

मग रामकिशनला आपण कशाला आलो ते आठवलं. त्यानं सरांना व्हरांड्यात गाठून मोकळ्या पडलेल्या तासांपासून बायकोच्या कमरेपर्यंत सगळं ऐकवलं. ऐकता ऐकता सरांचा चेहरा पडला. त्यांनी हात जोडून माफी मागितली, नांग्या भरायला रविवारी स्वतः येतो म्हणाले. ते काही रामकिशननं मान्य केलं नाही.

"पुस्तकात हाय तेवढंच शिकवा," तो म्हणाला. "आन जरा बसून शिकवा."

सरांनी शब्द दिला, आणि पंचाईत अशी की तो पाळला.

दुसऱ्या दिवसापासून विरूपाक्ष सर खुर्चीत बसून पुस्तक वाचू लागले. एका सुरात, पान संपेपर्यंत. उकरणं बंद झालं. नागाबाईनं नांग्या भरायला घेतल्या आणि गावानं रामकिशनला चहा पाजला. पण पूनमचं पोट पुन्हा दुखू लागलं. एके सकाळी तर तिनं शाळेत न जाता आईबरोबर कापूस वेचायला येऊ का, म्हणून विचारलं.

"शाळेत काय हाय?" ती म्हणाली. रामकिशनला ते फार लागलं. पोरीचं मन आपणच शाळेतून उठवलं, हे त्याला पक्कं कळलं होतं आणि ते बोलून दाखवायची मात्र चोरी होती.

त्यात तो हरभरा त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं बाजारच्या दिवशी बियाण्याच्या दुकानदाराला विचारलं, तर त्यानं पिशवीवर छापलेलं सगळं वाचून पाहिलं आणि यात दिलेलं नाही म्हणाला. पारावर विषय निघाला तेव्हा कुणी म्हणालं, पाणी खाली असतं म्हणून मूळ खाली जातं. मग पाणी वरून दिल्यावर ते वर काहून येत नाही, असं दुसऱ्यानं विचारलं आणि वाद इतका पेटला की दोन चुलतभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी सुदाम रामकिशनकडं वळला.

"मंग त्या सरानं काय सांगितलं?"

"सांगनारच व्हता," रामकिशन म्हणाला. "मीच सांगू दिलं न्हाई."

पारावरच्या सगळ्यांनी त्याच्याकडं असं काही पाहिलं, की तो तिथूनच उठून शाळेत निघाला. या खेपेचा निर्धार मागच्यापेक्षा मोठा होता. खिडकीशी न थांबता तो थेट वर्गात शिरला. सर वाचत होते. मागच्या ओळीतली दोन पोरं झोपली होती आणि पूनम खिडकीबाहेर बघत होती.

"माझी तक्रार हाय," रामकिशन म्हणाला.

सर घाबरून उभे राहिले. "आता मी काय केलं, रामकिशनभाऊ? मी तर काहीच करत नाही."

"तीच तक्रार हाय. त्या बीला खाली कसं कळतं?"

"ते पुस्तकात नाही. मी तुम्हाला शब्द दिलाय."

"त्यो शब्द मी माघारी घेऊन राहिलो," रामकिशन म्हणाला आणि पोरांच्या शेजारी खाली बसला.

सरांनी पुस्तक मिटलं. मग ते खुर्चीवर चढले आणि त्यांचा आवाज परत आला. मुळाच्या टोकात पिठाचे बारीक बारीक कण असतात, बी कसंही पडलं तरी ते कण खालच्या अंगाला जाऊन बसतात, आणि मूळ त्यांच्याच दिशेनं वळतं. झोपलेली पोरं उठून बसली. रामकिशननं तोंडाचा आ केला होता.

"उगवलेलं बी उलटं करून ठेवलं तर मूळ परत वळतं," सर म्हणाले. "पण आता कुठं दाखवू? सगळ्यांचा हरभरा वर आला."

"आमच्या नांग्यांतला न्हाई आला," रामकिशन म्हणाला. पूनम केव्हाच दारात पोचली होती.

नागाबाई डोक्यावर टोपलं घेऊन वावरात आली, तेव्हा अख्खी सहावी तिच्या नांग्यांवर ओणवी झाली होती. तिचा संताप अनावर झाला.

"कोन उकरून राहिलं ते?"

पोरांनी बाजूला होऊन दाखवलं. मधोमध गुडघ्यांवर बसलेला तिचा नवरा होता, हातात बाभळीचा काटा. सर मान खाली घालून उभे राहिले.

"एकेक बी मी वाकून वाकून टोबलंय," ती म्हणाली.

"ठावं हाय," रामकिशन मान वर न करता म्हणाला. "हे बघ. मूळ निघालंय. आता उलटं ठिवून राहिलो. उद्यापरवा हे खाली वळनार."

"वळंल न्हाई तर काय करंल? मूळच ते."

"पर त्याला खाली कुठं हाय ते कसं कळतं?"

नागाबाईनं डोक्यावरचं टोपलं सावरलं. तिनं बीकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, पुन्हा बीकडं पाहिलं. मग टोपलं उतरवून नवऱ्याला कोपरानं बाजूला सारलं आणि त्या एवढ्याशा खड्ड्याशी मांडी घालून बसली.

"ठिवा उलटं," ती म्हणाली. "आन उद्या मी आल्याबिगर कोनी उकरायचं न्हाई."