तात्यांच्या गाळ्यातला डॉक्टर

आमच्या कशेळीत ट्रॅफिक जाम होत नाही, ब्लॉकेज होतं. खाडीच्या पुलावर कंटेनर आडवा झाला, की बाळाराम तात्या तरे माझ्या मेडिकलच्या पायरीवर उभे राहतात, कपाळावर हात धरून लांबवर बघतात आणि निदान करतात, "नव्वद टक्के हाय. बायपास केल्याबिगर सुटनार न्हाय." मोटरसायकलचं इंजिन तापलं तर तिला इन्फेक्शन असतं. बोअरवेलचं पाणी कमी झालं तर तिला डिहायड्रेशन. सुनेच्या हातची डाळ पातळ झाली, तेव्हा तात्यांनी वाटीत चमचा फिरवून डाळीचं हिमोग्लोबिन काढलं होतं. सून दोन दिवस बोलत नव्हती.

तात्या डॉक्टर नाहीत. चौथीत शाळा सोडली ती खाडीत कोळंबी धरायला. पुढे वडिलांच्या जमिनीत भात लावला आणि पुढे त्याच भाताच्या जागेवर गोदामांचे पाच गाळे उभे राहिले. त्यातला चार नंबरचा गाळा दोन वर्षांपूर्वी एका शूटिंगवाल्या कंपनीने घेतला आणि तिथे हॉस्पिटल उभं केलं. प्लायवूडच्या भिंती, खरे पलंग, खोटं सलाईन. मालिकेचं नाव 'आयसीयू, तिसरा मजला'. गाळ्याला दुसरासुद्धा मजला नाही. तात्यांनी याबद्दल विचारलं, तेव्हा कंपनीवाले म्हणाले की आम्ही लिफ्टचं दार दाखवतो, मजला लोक आपला समजून घेतात. त्या दिवसापासून तात्यांच्या जमिनीवर तिसरा मजला चढला आणि तात्यांच्या डोक्यात अख्खं मेडिकल कॉलेज शिरलं.

रोज सकाळी नऊ वाजता माझ्या काउंटरवर आदल्या दिवशीच्या भागाची चर्चा होते. तात्या तिला 'राउंड' म्हणतात. राउंडला तिघं जण. तात्या, मी, आणि लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, मेकॅनिक सलीमभाई, जे शिफ्ट सुटली की पाठदुखीचं मलम घ्यायला येतात आणि अर्धा तास हलत नाहीत. सलीमभाई मालिका कारखान्यात मोबाइलवर बघतात. लूमच्या खडखडाटात एक अक्षर ऐकू येत नाही, त्यामुळे अभिनयातलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. संवाद ऐकले की माणूस फसतो, असं त्यांचं मत आहे.

माझं मत कोणी विचारत नाही. मी फार्मसीची डिग्री घेतलेली बाई आहे आणि ही मालिका बघताना माझा जीव जातो. सर्जन ग्लोव्हज घालतात आणि त्याच हाताने नायिकेच्या गालावरची बट मागे सारतात. बाटली एकीकडे, नळी दुसरीकडे, आणि पेशंट तिसरीकडे बघून हसतोय. एका बाईंचं हृदय शनिवारी बंद पडलं ते सोमवारी आठ वाजता चालू झालं. रविवारची सुट्टी हृदयालाही होती. हे मी बोलून दाखवलं की तात्या मला गप्प करतात. "तू गोल्या इकनारी. सर्जरीतला तुना काय समजल?" आणि लगेच सलीमभाईंना हृदयातली मिट्रल झडप म्हणजे काय ते काउंटरवरच्या रबरबँडने समजावून सांगतात. चूक सांगतात, पण इतक्या ठामपणे सांगतात की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी जाऊन पुस्तक काढलं होतं.

झडपेचं प्रकरण मात्र टीव्हीवरचं नव्हतं. तात्यांच्या घरीच होतं. जनाकाकींची, म्हणजे त्यांच्या मंडळींची, झडप खराब झाली होती. चार पायऱ्या चढल्या की काकी पाचवीवर बसायच्या. ठाण्याच्या सर्जननी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं आणि काकी आठ महिने नाही म्हणत होत्या. मुलाने समजावलं, सुनेने समजावलं, मी गोळ्यांच्या पिशवीसोबत दर महिन्याला एक भाषण मोफत दिलं. काकींचं उत्तर ठरलेलं, "माजी झडप हाय, मी बघन."

आणि एके दिवशी मालिकेत सुमनआजी नावाच्या पेशंट दाखल झाल्या. त्यांनाही झडपेचाच आजार, त्याही नाहीच म्हणत होत्या. तेव्हा मालिकेतले डॉ. श्रीरंग त्यांच्या पलंगावर पायाशी बसले, आजींच्या पायाचा अंगठा हातात धरला आणि म्हणाले, "आजी, मी आहे ना." बस्स. पाठीमागे बासरी. आजी तयार झाल्या. इकडे जनाकाकी टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "ही बाई उठून चालली, त मी पन करीन." तात्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्याला गेले आणि मंगळवारची तारीख घेऊन आले. हातात पंधरा दिवस होते. आता सुमनआजींनी टीव्हीवर मरायचं नव्हतं, एवढंच काय ते त्यांच्याकडून मागणं होतं.

सुमनआजी मेल्या नाहीत. त्यांच्या ऑपरेशनच्या ऐन मध्यावर थिएटरला आग लागली. डॉ. श्रीरंग भाजले, त्यांच्या तोंडाला पट्ट्या बांधल्या आणि चार भाग सगळे त्या पट्ट्यांभोवती रडत होते. सुमनआजींची छाती उघडी ती उघडीच राहिली. तिकडे कोणाचं लक्ष नाही. पाचव्या भागात पट्ट्या सुटल्या आणि आतून दुसराच माणूस निघाला. नाक वेगळं, आवाज वेगळा, उंची वीतभर जास्त. पडद्याच्या खाली ओळ सरकली की यापुढे डॉ. श्रीरंग यांच्या भूमिकेत हे दिसतील.

सकाळी राउंडला सलीमभाई आधीच येऊन बसले होते. "दीदी," त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "आग में कद भी बढ़ता है क्या?"

तात्यांना हसू आलं नाही. घरी काकींनी टीव्ही बंद करून रिमोट तांदळाच्या डब्यात टाकला होता. हा कोण, याला मी ओळखत नाही, मी ठाण्याला जाणार नाही, एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. मंगळवारला आठवडा उरला होता.

आता दुसरा कोणी असता तर बायकोला समजावत बसला असता. तात्यांनी गाळ्याचा करार काढला. आमच्या भिवंडी तालुक्यात गाळा भाड्याने देताना एक कलम असतंच, की मालकाच्या लेखी परवानगीशिवाय गाळ्यात कोणताही फेरबदल करता येणार नाही. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं, ही आमच्याकडची रीत. यांनी तर अख्खा डॉक्टर बदलला होता, आणि तोसुद्धा न विचारता. तात्यांच्या दृष्टीने हा सरळसरळ करारभंग होता. त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. विषय, 'गाळा क्रमांक चारमधील डॉक्टर पूर्ववत करून मिळणेबाबत.' खाली गावातल्या एकेचाळीस जणांच्या सह्या, त्यात सलीमभाईंची उर्दूत. मी लिहिताना हसत होते, हे कबूल करते. तात्या पेनच्या टोकाकडे बघत होते, तेव्हा हसू आवरलं.

अर्ज द्यायला मीही गेले. दिग्दर्शक म्हणजे दाढी वाढवलेला एक थकलेला पोरगा. त्याने कलम वाचलं, अर्ज वाचला, तात्यांना खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं. जुना नट मालिका सोडून गेला होता. दुसऱ्या वाहिनीवर तो आता खानावळ चालवत होता, मिशी लावून. परत येणार नव्हता.

हे सगळं नवे डॉ. श्रीरंग मेकअप करून घेताना ऐकत होते. माणूस भला निघाला. संध्याकाळी शूटिंग संपल्यावर पांढऱ्या कोटातच तात्यांच्या घरी आला, काकींच्या पायाशी बसला, अंगठा धरला आणि म्हणाला, "आजी, मी आहे ना." छान म्हणाला. बासरी नव्हती, पण बाहेर कंटेनरचे हॉर्न होते. काकींनी त्याला चहा दिला, तांदळाची भाकरी आणि सुकट जेवायला लावलं, आईवडील कुठे असतात ते विचारलं. तो गेल्यावर म्हणाल्या, "पोरगा गुनाचा हाय. पर त्याला कोनीतरी बोलाला सांगितलाय."

दुसऱ्या दिवशी राउंडला तात्या एकटेच होते. मी जरा चिडूनच बोलले. तात्या, म्हटलं, ही मालिका आहे, प्लायवूड आहे, तुमचंच गोदाम आहे, तुम्हाला तर सगळं माहीत आहे. एवढं वेड कशाला? त्यांनी काउंटरवरचं रबरबँड उचललं आणि ताणत बसले. मग सांगितलं. पहिल्यांदा काकींना दम लागून ठाण्याला नेलं होतं, तेव्हा आतून एक डॉक्टर आला, इंग्लिशमध्ये काहीतरी बोलला, शेवटी म्हणाला की पेशंट स्टेबल आहे, आणि गेला. स्टेबल म्हणजे बरं की वाईट, हे तात्यांना माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटली. पाच गाळ्यांचा मालक दुपारपर्यंत त्या एका शब्दाशेजारी उभा होता.

"मंग बोललो, शिकाला पायजे," ते म्हणाले. "तिच्याबद्दल कोन काय बोलतंय, ता मना समजाला पायजे. दुसरा कोन शिकवनार? टीव्ही रोज शिकवतंय."

मला माझ्या सगळ्या थट्टेची लाज वाटली. मी त्यांना झडपेचं खरं चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले की श्रीरंगचं थोडं वेगळं आहे.

सोमवारी फक्त ईसीजी काढायचा आहे, असं सांगून आम्ही काकींना ठाण्याला नेलं. (काकी आज ठणठणीत आहेत, हे आत्ताच सांगून टाकते, लोकांना शनिवारी ताटकळत ठेवायची मला हौस नाही.) खरे सर्जन पाहिल्यावर माझाच धीर सुटला. ठेंगणे, टक्कल पडलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, चेहऱ्यावर हसू नाही. तात्या त्यांच्या केबिनमध्ये शिरले आणि हात जोडून उभे राहिले. गावात हा माणूस कोणापुढे हात जोडत नाही.

"सायेब," ते म्हणाले, "एक काम करा. तिच्या पायाशी दोन मिन्टा बसा. बाकी सगला तुमी तुमच्या मनानं करा."

सर्जननी चष्म्यावरून पाहिलं. मग उठले आणि वॉर्डात आले. तात्या पुढे जाऊन पलंगावर जागा दाखवत होते, इथे न्हाय, जरा तिकडे, अगदी दिग्दर्शकासारखे. सर्जन बसले. अंगठा धरायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते नुसतेच बसले. मग म्हणाले, "मला असं बसून काय बोलायचं ते माहीत नाही हो. उद्या सकाळी पहिली केस तुमचीच घेईन, एवढं सांगतो."

काकी त्यांच्याकडे बघत होत्या. "तुमी घाबरतांव का, कापताना?"

"थोडा. दर वेळी."

काकींनी पदर सारखा केला. "मंग करा," त्या म्हणाल्या. "आनि मी आत असताना यांना कोनतरी जेवाला सांगा. यांना सांगितल्याबिगर भूक लागत न्हाय."

तात्या खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले.

संध्याकाळी नर्स संमतीचा फॉर्म घेऊन आली. काकींनी आपली सही केली, कष्टाने, एकेक अक्षर. नातेवाइकाची सही बाकी होती. तात्यांनी मला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. मी वाचत गेले. शेवटून दुसरी ओळ होती, रुग्णाचा आजार आणि होणारी शस्त्रक्रिया मला समजावून सांगण्यात आली असून ती मला पूर्णपणे समजली आहे.

तात्यांनी पेन थांबवलं. दोन वर्षं अख्ख्या कशेळीला हृदय समजावणारा माणूस त्या ओळीकडे बघत होता.

"ह्या खोटा हाय, पोरी," ते म्हणाले. "मना काय समजला न्हाय. मी भायेरच बसलेला हाय, ता लिव."

फॉर्मवर असं काही लिहायचं नसतं. मी कडेला, बारीक अक्षरात लिहिलं. तात्यांनी त्याच्याखाली सही केली. नर्सने फॉर्म घेतला, ती ओळ वाचली आणि तो तसाच फाइलला लावला.