शेट्यांच्या घरचे दरमहा पाहुणे

केज शहरातले किराणा व्यापारी श्री. भीमाशंकर शेटे यांना बँकेनं क्रेडिट कार्ड दिलं, तेव्हा ते त्यांनी मागितलेलं नव्हतं. टाय लावलेला एक मुलगा दुकानात येऊन म्हणाला, "काका, बँकेनं तुमची पत तपासली. दोन लाखांची निघाली." जन्मभर तूरडाळ तोलणाऱ्या माणसाला आपणही कुठेतरी तोलले गेलो आणि वजनात भरलो, याचा फार आनंद झाला. त्यांनी सही केली. पत्नी शिवम्मा यांनी कार्ड देवघरात महादेवापुढे ठेवून त्याला विभूती लावली. पुढे ते दुकानदारांच्या मशीनमध्ये चालेना, तेव्हा विभूती पुसावी लागली. सुरुवातीची अडचण म्हणाल तर एवढीच.

दर महिन्याला बँक कळवायची : एकूण येणे इतके, किमान भरणा इतका. हा व्यवहार शेट्यांच्या ओळखीचा होता. जे गिऱ्हाईक थोडं देतं आणि बाकी तशीच ठेवतं, त्याला ते भला माणूस समजत. बँकही आपल्याला तसंच समजत असणार म्हणून ते किमान रक्कम वेळेवर भरत राहिले. बँक खरंच खूश होती. तिनं मर्यादा चार लाख केली. घरानं ही बढती समजून गल्लीत पेढे वाटले. पेढे कार्डावरच घेतले.

मग दोन दारांचा फ्रीज आला. पाठ चेपणारी खुर्ची आली. तिच्यावर धुतलेले कपडे ठेवायची सोय झाली. खरेदीवर पॉइंट मिळत. चाकांची एक बॅग फुकट मिळायला थोडे पॉइंट कमी पडले, म्हणून एसी घेतला. बॅग फुकट आली. कुठं जायचं नसल्यामुळे तिच्यात गहू भरून ठेवले.

व्याज मात्र कुठं न जाता घरातच वाढत होतं. हळूहळू किमान रक्कमही कमाल वाटायला लागली आणि लागोपाठ तीन महिने चुकली.

तेव्हा एका रविवारी दारात मोटारसायकल थांबली. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, पायात बूट असा एक तरुण उतरला. समोरच्या संगीताबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"कोण पायजे?"

"शेटेसाहेब इथंच राहतात का?"

"कावून? काय काम हाय?"

तेवढ्यात शिवम्मा दारात आल्या. तरुण म्हणाला, "नमस्कार, मी बँकेचा..." पुढचं वाक्य होण्याआधी शिवम्मांनी त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि समोर ओरडून सांगितलं, "पाहुणे हायेत वं! आमच्या रुचीला बघायला आलेत!"

"एकलेच?"

"आजकाल आधी एकलेच येऊन जातात!"

"बँकेत हाय का पोरगा? नशीब काढलं बाई!" म्हणत संगीताबाई मेथीसकट खिडकीजवळ सरकल्या.

शेट्यांची मुलगी रुचिका कॉम्प्युटर क्लासवर शिकवायची. ती ओले केस पुसत बाहेर आली. "आई, कोण हे?"

"वसुलीवाले. साडी नेस."

"वसुलीला साडी कशाला?"

"संगीता खिडकीतून बघायली."

तरुणाचं नाव हनुमान. त्याच्यापुढं कांदेपोहे आले. तो हळू आवाजात सांगू लागला, "काकू, थकबाकी तीन लाख..."

"तीन एकर!" शिवम्मा खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या. "बागायती का जिरायती?"

"काकू, दरमहा व्याज..."

"दरमहा पगार! लई चांगलं!"

हनुमाननं पोहे संपवले. नोकरीच्या नियमाप्रमाणे त्यानं भेटीचा अहवाल लिहिला : 'ग्राहकाच्या निवासस्थानी समक्ष भेट दिली. ग्राहकाने पोहे दिले. रक्कम दिली नाही. सहकार्य उत्तम. मुलगी शांत आहे.'

पुढच्या महिन्यात तो परत आला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. आता नियमानुसार प्रकरण वरच्या पातळीवर गेलं, आणि त्याच्यासोबत त्याचे साहेब आप्पाराव आले. मिशा, बगलेत फाईल, तोंडात बडीशेप. गल्लीनं ओळखलं, हे मुलाचे मामा. म्हणजे बोलणी सुरू झाली. शिरा करावा लागला. त्यानंतर काळ्या कोटातले वकील नोटीस घेऊन आले.

"लग्नाच्या याद्या वकिलासमोर करायलेत," संगीताबाईंनी नळावर जाहीर केलं. "लई शिकलेलं घराणं दिसतंय."

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. पण नांदूरघाटच्या एका शिक्षकाच्या घरून रुचिकाला खरंच विचारणा झाली होती. मुलगा विश्वेश्वर तिच्याशी फोनवर दोनदा बोलला होता आणि दोन्ही वेळा तिचंच ऐकून घेतलं होतं. तिला तो आवडला होता. त्यांच्याकडून निरोप आला, 'मुलीचं ठरलं म्हणे. आनंद आहे.' सोबत फोटो परत.

रुचिकानं फोटो टेबलावर आपटला. "सांग आता गल्लीला, ते वसुलीवाले हायेत म्हणून!"

"अन् मग तुला कोण करून घेईल?" शिवम्मा म्हणाल्या. "कर्जबाजाऱ्याची पोरगी म्हणतील."

"आत्ता कोण करून घेतंय? आख्ख्या तालुक्यात माझं लग्न ठरलंय, अन् नवरा मला ताई म्हणतो!"

भीमाशंकरराव कपडे बाजूला करून पाठ चेपणाऱ्या खुर्चीत बसले. खुर्ची सुरू करायची त्यांची हिंमत झाली नाही. ते म्हणाले, "चुकलं बाई माझं. तू सांगशील तसं करू."

रुचिकानं कात्री आणली आणि कार्डाचे दोन तुकडे केले. बँकेत जाऊन व्याज थांबवून ठरलेल्या रकमेवर तडजोड मागितली, तीही काही महिन्यांच्या मुदतीत. बँकेनं ती दिली, कारण नोटिशीपेक्षा पैसे बरे. त्याच आठवड्यात खुर्ची, फ्रीज आणि एसी विकले. तरी निम्मी रक्कम राहिलीच.

पुढच्या रविवारी तिनं पोह्याची बशी हनुमानच्या हातात देण्याआधी विचारलं, "तुम्ही लोकांकडं पैसे मागता तरी कसे?"

"मागत न्हाई, ताई. नुसता बसतो. लोकांना आपोआप लाज वाटते."

"मग बाबांसोबत बसाल? आख्ख्या गल्लीकडं दुकानाची उधारी हाय. बाबांना मागायला संकोच वाटतो."

"ते आमच्या नियमात बसत न्हाई."

"पोहे बसतात?"

हनुमाननं बशीकडं बघितलं. मग उठून त्यानं बूट घातले.

त्या दिवसापासून दर रविवारी सासरे-जावई गल्लीतून निघत. भीमाशंकरराव म्हणत, "सहज आलतो, जावयांना गल्ली दाखवायला." हनुमान नुसता बसे. बँकेतल्या जावयासमोर आपण साखरेचे पैसे थकवलेत हे कोणाला दिसू द्यायचं? चार-चार वर्षांच्या बाक्या चहा उकळायच्या आत मिळाल्या. काहींनी तर हिशेबापेक्षा जास्त दिले आणि "राहू द्या" म्हणाले. संगीताबाईंच्या यजमानांनी, शहादेवरावांनी, खिशातून नवंकोरं कार्ड काढलं.

"आजकाल नगद कोण ठेवतं? मशीन आणा."

हनुमाननं त्या कार्डाकडं ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं बघितलं.

कर्ज फिटलं. बँकेनं तसा दाखला दिला. शिवम्मांनी महादेवाला नारळ फोडला. दाखल्याला मात्र विभूती लावली नाही. हनुमान यायचा बंद झाला.

गल्ली हळहळली. "मोडलं वाटतं." "हुंड्यावरून फिसकटलं म्हणतात." "पोरीत काय कमी होतं?" कर्जात असताना ज्या घराचा हेवा वाटत होता, ते कर्जमुक्त झाल्यावर बाया तिथं सांत्वनाला यायला लागल्या. शिवम्मांनी सगळ्यांना चहा दिला आणि डोळ्याला पदर लावायचं काम चोख केलं.

मोडल्याची बातमी नांदूरघाटला पोचली, तशी तिकडची माणसं परत आली. रुचिकानं विश्वेश्वरला बाजूला घेऊन कार्डापासून वकिलापर्यंत सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "एवढे पोहे कुणी केले?"

"मी."

"मग मला अजून थोडे द्या."

साखरपुडा घरच्या घरी झाला, नगद पैशात.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी संगीताबाई नवी साडी नेसून शिवम्मांकडं आल्या. "राग धरू नका बरं का. तुमचं तर मोडलंच होतं, अन् आता रुचीचंबी ठरलं. म्हणून म्हटलं, चांगलं स्थळ सोडावं कावून? आमच्या मायाला बघायला आलाय."

शिवम्मांनी दारातून पाहिलं. समोर ओळखीची मोटारसायकल उभी होती.

"बँकेतला पोरगा हाय," संगीताबाई मोठ्यानं म्हणाल्या. "फार बोलत न्हाई. नुसता बसतो."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. संगीताबाईंनी नजर खाली घातली. शिवम्मांनी त्यांचा हात हातात घेतला आणि हळूच सांगितलं, "पोह्यात शेंगदाणे घालू नका. त्याला चालत न्हाईत. मामा आले की शिरा करा."

आता केजमध्ये रविवारी सकाळी बऱ्याच घरांतून फोडणीचा वास येतो. मुली असलेल्या घरांचं एक बरं असतं. तुमच्या घरात लग्नाची मुलगी नसेल, तर शेजाऱ्यांना काय सांगायचं ते मात्र आत्ताच ठरवून ठेवा.