हिरवं कुठं गेलं?

बायडाआत्तीला दहाच्या पुढं मोजता येत नाही. पण संध्याकाळी मेंढवाड्याच्या दारात उभी राहून ती कळपावरनं एकदा नजर फिरवते आणि सांगते, "समदी हायती." एखाद्या दिवशी म्हणते, "तुटक्या कानाची न्हाई." आणि ती खरंच नसते.

घरातही तसंच. शेजारणीनं एकदा न विचारता आमचा पाटा वापरला आणि धुऊन जागेवर ठेवला. आत्तीनं लांबूनच विचारलं, "आज चटणी केलीस व्हय?" तेव्हापासून ती बाई आमच्या दारात चपलासुद्धा जपून काढते.

आमच्या घरात शाळा कुणी बघितली नव्हती. दिवाळी झाली की सगळी मेंढरं घेऊन फलटण-कोरेगावकडं उतरायची. पहिलीतच दोन शाळांतून माझं नाव कमी झालं. तेव्हा विधवा, मूलबाळ नसलेली आत्ती तीसेक मेंढरं घेऊन औंधजवळच्या गावात माझ्यासाठी मागं राहिली. त्या मेंढरांवर मी बी.एस्सी. झालो. हे मी कुठंही सांगतो.

आता सांगलीच्या एका कंपनीत वेबसाइटची पानं नीट दिसतात का, ते मी यंत्राकडून तपासून घेतो. पान बरोबर असतानाचा एक फोटो यंत्राजवळ असतो. रोज नवा फोटो काढून ते दोन्ही ताडून बघतं. आत्तीला समजावलं, तर म्हणाली, "म्हंजे मेंढरं बघायचंच काम की रं. त्याला एवढं शिक्षाण कशाला?"

एका दवाखान्याच्या पानाची तपासणी पहिल्यांदा माझ्या एकट्यावर आली. त्यावरच नोकरी पक्की होणार होती. पानाच्या खालच्या पट्टीत तारीख रोज बदलायची आणि यंत्र रोज बोंब मारायचं. शेवटी मी त्याला सांगून टाकलं, ही पट्टी बघूच नकोस. महिनाभर काम गावाकडच्या घरूनच चाललं होतं. आत्ती चहा ठेवताना लॅपटॉपच्या पडद्याकडं बघून जायची.

शेवटच्या दिवशी यंत्रानं सगळं ठीक असल्याचं कळवलं. मी पान पाठवणार, तेवढ्यात कप हातात धरूनच आत्ती थांबली.

"हिरवं कुठं गेलं?"

नंबर लावायचं हिरवं बटण त्याच पट्टीत होतं. तारखेचा चौकोन मोठा झाला होता आणि बटण त्याच्याखाली गडप झालं होतं. एकाही पेशंटला नंबर लावता आला नसता.

मी हसत वर बघितलं. आत्ती मान वाकडी करून, डावा डोळा पडद्याजवळ नेऊन बघत होती.

"अशी काय बघतीस?"

"उजव्यानं समदं धुरकट दिसतंय. दिवाळीपास्नं."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तू रोज बघत हुतास की मला."

यंत्राला मी एक पट्टी तेवढी बघू नको म्हणालो होतो. माझ्या डोळ्यांना असं कुणी सांगितलं होतं, कुणास ठाऊक.

बटण वर आणलं. पान सुरू झालं त्या सकाळी त्याच बटणावरून पहिला नंबर आत्तीचा लावला.

मोतीबिंदू काढून उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या संध्याकाळी तिनं डावा डोळा तळहातानं झाकला. आधी मेंढवाड्यावरनं नजर फिरवली, मग माझ्यावरनं.

"समदी हायती," ती म्हणाली. "तू तेवढा वाळलायस."

माझी नोकरी पक्की झाली. आत्तीला दोन्ही डोळ्यांनी दिसतं.