कोरड्यात गुडघाभर पाणी

ऐन चैत्रात, टाचांना भेगा पाडणाऱ्या उन्हात, गुंडोपंत तळ्याच्या वाटेवर थांबत. वहाणा हातात घेत, धोतर गुडघ्यापर्यंत खोचत आणि भेगाळलेल्या जमिनीवरून पायानं चाचपत चाळीसेक पावलं जात. मग उपरण्यानं कोरडे पाय पुसून पुन्हा वहाणा घालत.

"पंत, आज किती हाय पानी?" शेण गोळा करणाऱ्या बाया विचारत.

"गुडघाभर. लेकरांना आवरा की!"

पंत मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले. सोलापुरात सगळे गिरणीच्या भोंग्यावर उठत-बसत, पंत तळ्यावर. भाद्रपदात पाणी जिथवर चढे, तिथं ते चुना फासलेले दगड रोवत. उन्हाळ्यात तळं आटून लांब सरके. दगड मात्र रानात उभे. कोणी हसलं की म्हणत, "पाणी गावाला गेलंय हो. घर सोडलेलं नाही."

नगररचनेचा नकाशा कचेरीत लागला, हरकती मागवल्या, तेव्हा पंतांनी लिहून दिलं : दगडांच्या आत घरं नकोत. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि महिन्याला दोन पत्रकं छापत होतो. एका खोलीत दोन माग आणि नऊ माणसं कोंबलेली मी रोज बघत होतो. एक ठेकेदार तळ्याकाठी विणकरांना स्वस्तात घरं देतो म्हणाला, आणि मी पेटलो. 'चिखलाला मोकळीक, माणसाला कोंडवाडा!' असा मथळा दिला. पंतांना 'कोरड्यात पोहणारे विद्वान' म्हटलं. तो शब्द मला फार आवडला होता. आज तो आठवला की कान तापतात.

सभा आम्ही त्याच काठावर घेतली. व्यासपीठाला दगड हवे होते. चुन्याचे आयते होते. आम्ही उपटून आणले.

पंत सभेला आले. सगळे खाली बसलेले, हे एकटेच धोतर खोचून, वहाणा हातात धरून उभे. मी त्यांच्याच दगडांवरून ओरडलो, "पंत, बसा, बुडाल!" लोक पोट धरधरून हसले.

"मी नाही बुडायचा," पंत म्हणाले. "मी पाण्यात उभा आहे हे मला ठाऊक आहे."

आठवड्यानं नगररचनेचे साहेब जागा पाहायला आले. "खुणा कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. खुणा नव्हत्या. पंत बोटानं दाखवत राहिले, साहेबांनी समोर दिसणाऱ्या पाण्याशी रेघ मारली. मी जवळच उभा होतो. दगड आम्ही काढले, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

घरं झाली. दुसऱ्या वर्षीच्या भाद्रपदात पाणी गावाहून परतलं. विणकराच्या घरात पाणी शिरलं की आधी मागाचा खड्डा भरतो, जिथं पाय सोडून तो विणायला बसतो. तिथं राहायला आलेल्या नरसव्वाच्या मागावर लुगड्याचा ताणा चढवलेला होता. सगळा चिखलात गेला. मी पोचलो तर ती पातेल्यानं खड्डा उपसत होती.

"या की भाऊ," ती म्हणाली. "तुमचं पत्रक तेवढं कोरडं ऱ्हायलंय. फळीवर हुतं."

पाणी ओसरल्यावर मी पंतांकडे गेलो. माफीचं भाषण पाठ केलं होतं, दारातच विसरलो. पंत गुडघ्यांना तेल चोळत होते.

"बसा. माझीही एक रेघ अशीच चुकलीय," ते म्हणाले. "नोकरीत नवा होतो. वैशाखात मोजलं, पाणी लांब होतं. तळ्याच्या त्या वाटेवर, माझ्या रेघेबाहेर एक घर उठलं. श्रावणात पाणी चढलं, ते बसलं. म्हातारी आत होती." बराच वेळ ते तेल जिरवत राहिले. "तिथनं वहाणा घालून जाववत नाही."

पंतांनी तेलाची वाटी बाजूला सारली.

"दगड परत रोवायचेत. एकट्यानं आता होत नाही. येता का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. चिखल वाळून खडखडीत झाला होता. वाटेत पंत थांबले, धोतर खोचलं आणि आधाराला माझा हात धरला. बायांनी पाहिलं. या वेळी कोणी काही विचारलं नाही.

"कुठवर आलं होतं?" पंतांनी विचारलं.

मी नरसव्वाच्या दाराकडे बोट दाखवलं, एक पाऊल टाकलं आणि थांबलो. माझ्या वहाणा पायातच होत्या.

काढल्या.