कॅप्टन करंदीकरांची हजेरी

आमच्या ओहायोतल्या डब्लिनच्या इंडियन ग्रोसरीत मेथी निवडताना तिकोनी टोपीवाला माणूस दिसला तर घाबरू नका. ते करंदीकरकाका. अंगात झालरीचा सदरा, पायात मात्र स्नीकर्स. "तेव्हाचे बूट घातले की गुडघे बोंबलतात. इतिहासाला सांग, थोडं अ‍ॅडजस्ट कर."

काका बॉयलर इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि थेट दोनशे वर्षं मागे गेले. ओहायो नुसतं रान होतं, तेव्हाच्या मिलिशियाचं सोंग घेणारा एक ग्रुप आहे. मिलिशिया म्हणजे पगारी सैन्य नव्हे. शेतकरी, लोहार, मिळेल ती बंदूक घेऊन जमायचे. ही मंडळी उन्हाळ्यात मैदानावर तंबू ठोकून कवायत करतात. काका त्यात सुरुवातीला साधे शिपाई. "आम्ही आलो तेव्हा इथे अस्वलं फिरायची," असं नव्या ग्रॅड स्टुडंट्सना सांगतात. काका आले विमानानं, प्रेशर कुकर मांडीवर घेऊन.

त्यांनी मनानेच एक कॅप्टन रचलाय. पॉटलकमध्ये, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, त्याचं चरित्र सांगतात. "मोहिमेवर निघाला, दलदलीत रस्ता चुकला, परत आला तो कुणाची तरी गाय घेऊन. लढाई एकही नाही. तरी बढती मिळाली."

"गाय आणली म्हणून?"

"परत आला म्हणून."

माझी मुलगी म्हणाली, "बट काका, इट वॉज समबडी एल्सेस लँड."

"होतीच, इथल्या मूळ लोकांची. म्हणून तर माझा कॅप्टन रस्ता चुकतो गं. मुद्दाम."

२००५ च्या उन्हाळ्यात ग्रुपचा खरा कॅप्टन फ्लोरिडाला राहायला गेला. मिलिशियाची जुनी रीत अशी, की कॅप्टन शिपायांनीच निवडायचा. उमेदवारानं सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं, मग हात वर. एका बाजूला डेल, ट्रक दुरुस्त करणारा, छातीवर रुळणारी दाढी. दुसऱ्या बाजूला काका.

"काका, कॅप्टन होऊन करायचंय काय?"

"हजेरी घ्यायची. ती कॅप्टनच घेतो."

मी हसलो. पण काकू गेल्यापासून हा माणूस फोन पहिल्याच रिंगला उचलतो. त्यामुळे "एक मत कमी पडतंय, तू भरती हो" म्हणाले, तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. बायको म्हणाली, "तुमच्या पोटाआड अख्खी तुकडी लपेल."

डेलनं सफरचंदाच्या सायडरचं पिंप आणलं होतं. काकांनी बटाटेवडे.

वडा पुढे येताच डेल म्हणाला, "आय अ‍ॅम गुड, थँक्स."

आपल्यात पहिला नकार कोण मोजतं? काकांनी वडा ताटात टाकला. "नो, रिअली," म्हणेपर्यंत दुसरा टाकला. "माझ्यासाठी एक," म्हणून तिसरा. इकडे माणूस 'नो' म्हणाला की विषय संपतो; ज्याला 'नो' ऐकूच येत नाही असा प्राणी त्या दाढ्यांनी पाहिला नव्हता. आग्रह त्यांना हुकूमच वाटला. सगळे निमूट खात होते. तिखटानं नाकं गळत होती, पण एकानं पळ काढला नाही.

शेवटी डेल घाम पुसत म्हणाला, "या माणसाचा हुकूम मला मोडता येत नाही. मग कॅप्टन हाच." सगळ्यांचे हात वर गेले. वडेवालेही, सायडरवालेही.

संध्याकाळी आम्ही रांगेत उभे. मी शेपटाला, उसनी विजार धरून. काका समोर, हातात कागद नाही, नावं पाठ.

"डेल."

"हियर, कॅप्टन."

काका थांबले. उत्तर नीट पोचू दिलं, मगच पुढचं नाव घेतलं. असं एकेक करत माझ्यापर्यंत आले. मी "हजर" म्हणालो.

आता सुट्टी द्यायची. तिकडे ग्रिल पेटली होती, बायकापोरं खुणावत होती. काकांनी टोपी काढली, चष्मा पुसला, परत घातला आणि हळूच म्हणाले, "डेल."

डेलनं एकदा काकांकडे नीट पाहिलं. रांगेत कुणीतरी पुटपुटायला लागलं, त्याला डेलनं कोपरानं गप्प केलं. मग टाचा जुळवल्या.

"हियर, कॅप्टन."

या खेपेला सगळ्यांनीच ओ जरा मोठ्यानं दिली.